ही रांगेची परीक्षा नाही

प्रिय मुली,

तुझा चार पानी मजकूर वाचला आणि सोबतची एक्सेल शीट उघडून नीट पाहिली. नऊ जणांची निकालपत्रकं, प्रत्येकाचे दहा विषय, आणि निकालात विषयापुढे आकड्याऐवजी जी नुसती पट्टी असते ती स्क्रीनवर मोजून काढलेले टक्के, तेही दशांशापर्यंत. तुझी ओळ पिवळी. ज्याच्याबरोबर तू वर्षभर अभ्यास केलास त्याची हिरवी. आणि तळाशी तुझा प्रश्न: दहापैकी सहा विषयांत मी त्याच्या पुढे आहे, तरी सीएफएच्या लेव्हल टूला तो पास आणि मी नापास, हे कसं?

वाईट वाटलं गं. पण खरं सांगू, त्याहून जास्त राग आला. त्या पट्ट्या मोजण्यात गेलेले तास फिक्स्ड इन्कमला, म्हणजे रोख्यांच्या विषयाला, दिले असतेस तर, असं वाटत राहिलं. धीर वगैरे मी देत बसणार नाही. तू पुन्हा बसणार आहेस आणि झटून अभ्यास करणार आहेस, हे मी धरूनच चालले आहे. मला बोलायचं आहे ते त्या हिरव्या ओळीबद्दल.

सीएफएची, म्हणजे गुंतवणूक विश्लेषकांची ही परीक्षा रांगेची नाही, रेघेची आहे. एवढी एक गोष्ट तुझ्या डोक्यात शिरली की बाकीचं मी नाही सांगितलं तरी चालेल.

जिथे जागा मोजक्या असतात तिथे रांग असते. पुढचा एक जण आत गेला की मागच्याची एक जागा कमी होते. तिथे शेजाऱ्याला किती पडले हे विचारण्यात निदान काही अर्थ तरी आहे. इथे जागाच नाहीत. किमान पात्रतेची एक रेघ आहे आणि तिच्या वर जाणारा प्रत्येक जण पास आहे. ती रेघ कशी आखतात ते वाचलंयस का कधी? अँगॉफ नावाची पद्धत आहे, तिचं सुधारित रूप वापरतात. चार्टर, म्हणजे सीएफएची पदवी मिळवलेली, या कामात मुरलेली माणसं एकत्र बसतात आणि एकेक प्रश्न घेऊन विचार करतात: जेमतेम पात्र असलेला, अगदी काठावरचा उमेदवार याचं बरोबर उत्तर देण्याची शक्यता किती? त्या अंदाजांच्या आधारावर रेघ ठरते. त्या चर्चेत तुझा मित्र कुठेच नसतो. तूही नसतेस. असतो तो एक कल्पनेतला काठावरचा उमेदवार, आणि तुझा सामना त्याच्याशी होता.

हे पटत नसेल तर आकडे बघ. डिसेंबर २०२० मध्ये लेव्हल वनला ४९ टक्के पास झाले. जुलै २०२१ मध्ये २२ टक्के. दर खेपेला ठरावीक लोकांनाच आत घ्यायचं असतं तर हा आकडा असा निम्म्याखाली कोसळला असता का? त्या जुलैत रेघेच्या वर फार लोक पोचले नाहीत, म्हणून फार लोक पास झाले नाहीत.

आता तुझ्या शीटकडे येते. एकदाच येते, पुन्हा येणार नाही.

ज्या सहा विषयांत तू पुढे आहेस ते असे: क्वांट, इकॉनॉमिक्स, कॉर्पोरेट इश्युअर्स, डेरिव्हेटिव्हज, ऑल्टरनेटिव्हज आणि एथिक्स. यातल्या पहिल्या पाचांचा भार लेव्हल टूला प्रत्येकी ५ ते १० टक्के आहे. तो कशात पुढे आहे? फायनान्शियल स्टेटमेंट अ‍ॅनालिसिस, इक्विटी, फिक्स्ड इन्कम, पोर्टफोलिओ मॅनेजमेंट. या प्रत्येकाचा भार १० ते १५ टक्के. सहा विरुद्ध चार असं तू मोजलंस, पण सगळे विषय एका वजनाचे नाहीत हे तुला माहीत असूनही मोजलंस. भारित सरासरी काढायला मी तुला शिकवायची गरज नाही.

आणि त्या पट्ट्या तरी किती भक्कम आहेत? लेव्हल टूला २२ आयटम सेट, म्हणजे एकेका उताऱ्यावरचे प्रश्नगट असतात, प्रत्येकात चार प्रश्न, एकूण ८८. त्यातले काही नुसते चाचणीचे, गुणांत धरलेच जात नाहीत, आणि ते कुठले हे कुणाला सांगत नाहीत. ५ ते १० टक्के भाराच्या विषयाला वाट्याला येतात एक किंवा दोन सेट, म्हणजे चार किंवा आठ प्रश्न. डेरिव्हेटिव्हजमध्ये तू स्वतःला पंचाहत्तर दिलेस आणि त्याला पन्नास. चारच प्रश्न असतील तर हा फरक एका प्रश्नाचा आहे. एका प्रश्नाचा! तीन पर्यायांपैकी त्याने एक निवडला, तू दुसरा निवडलास, आणि तुझं कदाचित अंदाजाने बरोबर आलं. त्यावर तू दशांश चिन्ह लावलंस.

बरं, तुमचा दिवसही वेगळा होता. २०२१ पासून परीक्षा संगणकावर होते आणि ती एका दिवसाऐवजी काही दिवसांच्या खिडकीत होते. त्याच्यापुढे आलेला प्रश्नसंच आणि तुझ्यापुढे आलेला संच एकच असेल असं नाही. संचांच्या काठिण्यात फरक पडला तर तो सांख्यिकी पद्धतीने समान पातळीवर आणतात, म्हणजे रेघ सगळ्यांना सारखीच उंच राहते. पण तुझे टक्के आणि त्याचे टक्के शेजारी ठेवून वजाबाकी करायला ते एका मापाचे उरत नाहीत.

मी एवढी चिडून का लिहिते आहे, तेही सांगते.

आमच्या वेळी कागद-पेन्सिलची परीक्षा होती, दिवसभराची, सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास. निकालात आकडे नसत. प्रत्येक विषयापुढे तीन रकाने: पन्नास किंवा कमी, एक्कावन्न ते सत्तर, सत्तरच्या वर. ज्या रकान्यात तुम्ही बसता तिथे एक तारा. नापास झालात तर एक ते दहामधला एक बँड, दहा म्हणजे नापासांमध्ये सगळ्यात वरचा. माझ्याबरोबर अभ्यासाला बसणारी एक मैत्रीण होती. माझ्यापेक्षा हुशार, हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही; ताळेबंद वाचताना तिला जे दिसायचं ते मला दोनदा वाचून दिसायचं. त्या वर्षी मी पास झाले आणि तिला बँड दहा आला. दोघींची पत्रकं आम्ही टेबलावर शेजारी ठेवली. शेवटच्या रकान्यात तिचे तारे माझ्याहून जास्त होते.

आज तुला मी दोन वाक्यांत सांगेन की एक्कावन्नलाही तोच तारा आणि सत्तरलाही तोच, त्यामुळे तारे मोजून काही कळत नाही. त्या दिवशी तिला हे सांगणारं कुणी नव्हतं. आपल्यावर अन्याय झाला, हे तिने मनाशी घट्ट धरलं. बँड दहा म्हणजे रेघेला हात लावून आलेली बाई! आणखी एकदा बसली असती तर पार झाली असती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. ती बसली नाही. दर खेपेला नोंदणीची तारीख आली की म्हणायची, तुझ्या त्या ताऱ्यांवर जर पास करतात तर या परीक्षेत अर्थच काय. रेघेशी तिचं भांडण नव्हतंच कधी. माझ्या पत्रकाशी होतं. माझं पत्रक तिच्यासमोर आलंच नसतं तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

तेव्हापासून मी कुणाचा निकाल बघत नाही आणि माझा कुणाला दाखवत नाही. त्याची किंमतही मोजली. एका नोकरीत आमच्या वरिष्ठांनी निकालाच्या दिवशी सगळ्या विभागाची यादी करायचं काढलं: कोण कितव्या प्रयत्नात, कोणत्या विषयात कुठे. मी म्हटलं, पास की नापास एवढं सांगेन, पत्रक देणार नाही. मग मी ताठ ठरले. सहकाऱ्यांत मिसळत नाही, असा शेराही माझ्या मूल्यमापनात आला. त्या यादीत खालच्या ओळींत असलेली दोन मुलं पुढच्या नोंदणीला फिरकलीच नाहीत, हे मात्र कुणाच्या मूल्यमापनात आलं नाही. मी हट्टी आहे असं तू तुझ्या मैत्रिणींना सांगतेस हे मला ठाऊक आहे. खुशाल सांग. या बाबतीत मी हट्टीच राहणार, कारण हट्ट न करणाऱ्यांनी काय केलं ते मी बघितलंय.

आणि हा माझ्या एकटीचा लहरीपणा नाही. एथिक्सचा अभ्यास तू केलायस, पट्टीही चांगली आहे, मग सीएफएच्या आचारसंहितेतलं सातवं मानक आठव. पहिल्या प्रयत्नात पास झालो, हे खरं असेल तर सांगायला मानकाची हरकत नाही. पण त्यावरून मी इतरांपेक्षा सरस विश्लेषक आहे किंवा माझ्या ग्राहकाला जास्त परतावा मिळेल असं सुचवलं की तो नियमभंग. ज्यांनी परीक्षा घडवली तेच सांगताहेत की निकालातून माणसांची उतरंड लावू नका. त्याच मानकाचा आणखी एक भाग तर तुमच्या गटाने परीक्षेच्या संध्याकाळीच मोडलाय असं मला तुझ्या मजकुरावरून दिसतं. "त्याला त्या विषयावर दोन सेट आले, मला एकच" हे तू लिहूच नये असं वाक्य आहे. प्रश्न तर सोडच, कोणता विषय आला आणि कोणता नाही आला हेही बाहेर बोलायचं नसतं. तसं लिहून देऊन तू सही केली आहेस. पुढच्या वेळी पेपर संपला की फोन बंद कर आणि झोप.

लेव्हल थ्रीला पोचलीस की बेंचमार्क, म्हणजे तुलनेचा मापदंड, कसा असावा यावर अभ्यास येईल. चांगल्या बेंचमार्कच्या अटी असतात, त्यातली मला सगळ्यात प्रिय अट अशी: तो आधी ठरलेला असला पाहिजे. वर्ष संपल्यावर, ज्याच्यापुढे आपण खुजे दिसतो किंवा उठून दिसतो असा निर्देशांक शोधून आणायचा नाही. तू नेमकं तेच केलंस. परीक्षेला बसताना तुझा मापदंड ठरलेला होता, ती रेघ. निकाल लागला आणि तू मापदंड बदललास, त्या जागी एक मुलगा आणून उभा केलास. उद्या एखाद्या फंड मॅनेजरने असं केलं तर तू त्याच्या अहवालावर लाल शाई फिरवशील.

तुझ्या पत्रकात तुझ्या गुणांभोवती एक फिकट पट्टा आहे, पाहिलास? परीक्षा पुन्हा पुन्हा दिलीस तर तुझे गुण साधारण कुठल्या टप्प्यात पडतील, याचा तो अंदाज. तुझ्या पट्ट्याचं वरचं टोक रेघेच्या पलीकडे गेलं आहे. नऊ जणांच्या शीटमध्ये या गोष्टीला एकही रकाना नाही. तिथेच दहाव्या आणि नव्वदाव्या शतमकाच्याही, म्हणजे इतर उमेदवार कुठे होते ते दाखवणाऱ्या, रेघा दिल्या आहेत. त्या छापायची काय गरज होती हे मला कधी कळलेलं नाही. त्यांच्याकडे बघू नकोस.

मग बघायचं काय? फक्त तुझं पत्रक, आणि त्यातले जड पाच विषय: तो पुढे आहे ते चार आणि एथिक्स. त्यांपैकी फायनान्शियल स्टेटमेंट अ‍ॅनालिसिस आणि फिक्स्ड इन्कम हे दोन तुझे पडले आहेत. हे कळायला दुसऱ्या कुणाचीही ओळ लागत नाही. तुझे जुने मॉक, म्हणजे सराव पेपर, काढ. या दोन विषयांत जे प्रश्न बरोबर आले त्यांतले किती खरोखर येत होते आणि किती अंदाजाने मारले, ते प्रामाणिकपणे वेगळे कर. परकीय चलनातलं आर्थिक पत्रक दुसऱ्या चलनात मांडताना कुठला दर कशाला लावायचा, इथे तू मागच्या वर्षीही अडखळत होतीस. पेन्शनमध्येही. बाँडच्या किमतीचं बायनॉमिअल ट्री हाताने, कागदावर, मागून पुढे सोडव; सूत्र पाठ असणं वेगळं आणि परीक्षेच्या वेळेत आकडा जुळणं वेगळं. डेरिव्हेटिव्हजला सध्या हात लावू नकोस, ते तुला आवडतं म्हणून तू तिथेच रमतेस.

एका लेव्हलला एकूण सहा प्रयत्न मिळतात आणि वर्षात जास्तीत जास्त दोन. म्हणजे वेळ आहे, पण उधळण्याइतका नाही. शीट पुसून टाक. "ठेवते, पण उघडत नाही" हे चालणार नाही, मी तुला ओळखते.

आणि त्या मुलाचं अभिनंदन केलंस का? तुझ्या चार पानी मजकुरात त्याचे टक्के सोळा ठिकाणी आहेत, पण त्याच्याशी तू बोललीस असं कुठेच नाही. तुझी जागा घेऊन तो पास झालेला नाही, इथे जागाच नव्हती. तुझ्याबरोबर त्याने वर्षभर अभ्यास केला आहे आणि इक्विटी त्याला खरंच छान येतं. आज फोन कर त्याला. निकालाचा विषय काढू नकोस. मागायचंच असेल तर त्याच्या इक्विटीच्या नोट्स माग.

रविवारी सकाळी मी मोकळी आहे. फिक्स्ड इन्कमची वही घेऊन बस आणि मग मला फोन लाव. ट्री अर्धवट सोडवलेलं असलं तरी चालेल, तिथूनच पुढे सोडवू.

तुझी,
मॅडम