कोल्हापुरात २ लाखांत ट्रेकिंग सॅक शिवायचा व्यवसाय सुरू करता येईल का? डेकॅथलॉनसमोर टिकेल का?

येईल. २ लाख पुरतात, मी त्याहून कमी पैशांत सुरू केलं होतं. खरं तर उत्तर लिहिणार नव्हते. पण प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय, "सुरुवातीला क्वालिटीत थोडं ॲडजस्ट करून रेट कमी ठेवू, नाव झालं की क्वालिटी वाढवू." हे वाचलं आणि गप्प बसवेना. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय.

आमचं घर हूडवाल्यांचं. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, लक्ष्मीपुरीत रिक्षाची हूडं, ट्रॅक्टरच्या सीटा, ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्यात आयुष्य घातलं. कोल्हापूरचा रिक्षावाला रिक्षा कशी जपतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. हुडाची एक शिवण वाकडी गेली तरी तो अख्खं हूड उतरवून परत शिवायला लावतो. अशा गिऱ्हाइकांच्या हाताखाली मी मशीन शिकले. अप्पा गेल्यावर दुकान दादा आणि मी चालवत होतो. सॅक शिवायची कल्पना माझी, कारण कॉलेजपासून डोंगरात फिरायची सवय. दादाला डोंगराचं वेड नाही, पण हिशेबाला तो पक्का आहे.

२०१६ च्या जूनमध्ये एका ग्रुपनं पन्हाळा-पावनखिंड मोहिमेसाठी ६० सॅक सांगितल्या, ४५ लिटरच्या. नमुना मी शिवला. शिवणीला दीड सेंटिमीटर मार्जिन, म्हणजे शिवणीपासून कडेपर्यंत सोडलेलं कापड, आतून उघडी कड झाकणारी बाइंडिंग पट्टी, आणि खांद्याचा पट्टा पाठीला जिथं मिळतो तिथं आतून कापडाचा जास्तीचा तुकडा. त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली, अशी शिलाई. बारटॅकचं, म्हणजे एकाच जागी दाट टाके घालून जोड पक्का करणारं मशीन आमच्याकडे नव्हतं, म्हणून फुली. नमुना पास झाला आणि नेमकं तेव्हाच आईला मिरजेला दवाखान्यात ठेवावं लागलं. दहा दिवस मी तिकडे होते. कटिंग दादानं केलं.

त्यानं मार्जिन दीड सेंटिमीटरचं आठ मिलिमीटरवर आणलं. तेवढं कमी केलं की ५८ इंची पन्ह्यात एक तुकडा जास्त बसतो. बाइंडिंग गाळलं, आतला जोडतुकडा गाळला. सॅकमागं ४० रुपये वाचले, ६० सॅकचे २,४००. मी मिरजेहून आले तेव्हा माल बांधून तयार होता. बाहेरून माझ्या नमुन्यात आणि त्यात काडीचा फरक दिसत नव्हता. मी एक सॅक उलटी करून बघितली आणि विचारलं. तो म्हणाला, "आत कोण बघतंय? एकदा नाव होऊ दे, मग कर तुला काय करायचं ते." दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता. मी ऐकलं. ती चूक माझी, आणि आजपर्यंत ती मी दुसऱ्या कुणावर घातलेली नाही.

त्या मोहिमेत मीही चालत होते. मसाई पठारावर पाऊस वरून येत नाही, आडवा येतो, हे ज्यांनी जुलैत ते पठार ओलांडलंय त्यांना माहीत आहे. धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता. तिथं पहिला पट्टा सुटला, एका कॉलेजच्या पोराचा. त्यानं सॅक डोक्यावर घेतली आणि चालायला लागला, कुरकूर नाही. खोतवाडीपर्यंत चार पट्टे सुटले. करपेवाडीत मुक्कामाला पोचलो तोवर नऊ.

रात्री एका घराच्या सोप्यात बसून मी त्या नऊ सॅक बॅटरीच्या उजेडात तपासल्या. सॅक शिवणाऱ्यानं हे नीट वाचावं. कापड फाटलेलं नव्हतं. दोरा तुटलेला नव्हता. शिवण जशीच्या तशी होती, तिच्यात पट्टाही होता. पण कापडाचे उभे धागे शिवणीच्या आतून एकेक करून सुटून आले होते, कडेला नुसती झालर लोंबत होती. नायलॉन गुळगुळीत असतं. त्याच्यात सुतासारखी पकड नसते. मार्जिन कमी आणि कड उघडी असेल तर ओझ्याच्या प्रत्येक हिसक्याला एक धागा निसटतो, आणि ओल्या सॅकचं वजन कोरड्या सॅकहून बरंच जास्त असतं. तुम्ही दोरा कितीही भारी वापरा, ज्या कापडाला तो धरायचा तेच निसटत असेल तर उपयोग नाही.

माझ्याकडे दाभण होतं, अप्पांची सवय म्हणून. दोऱ्याची एक बॉबिन होती ती पाचव्या सॅकला संपली. घरातले आजोबा शेकोटीजवळ बसून बघत होते. ते उठले, आत जाऊन पोत्याची सुतळी घेऊन आले, तिला मेण चोळलं आणि म्हणाले, "कडंला नगं घालूस पोरी. चार बोटं आत ये." त्यांनी पट्टा शिवणीपासून लांब, अख्ख्या कापडावर घेतला, मागं गोणपाटाचा चौकोन लावला आणि दोन दाभणं दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून घातली. एक टाका तुटला तरी दुसरा धरून राहील, असं. उरलेल्या चार सॅक आम्ही दोघांनी मिळून केल्या. रात्रीचे दोन वाजले होते. त्यातली एकही पांढरपाणीपर्यंत, पावनखिंडीपर्यंत सुटली नाही. जोडतुकडा का लावायचा हे मला माहीत होतं. पण पट्टा कडेपासून किती आत घ्यायचा ते मी त्या सोप्यात शिकले. माझ्या आजच्या प्रत्येक सॅकमध्ये तो चार बोटं आत आहे.

परत आल्यावर मी ६० च्या ६० सॅक मागवल्या आणि फुकट उसवून पुन्हा शिवल्या. तीन आठवडे गेले, साधारण १४ हजारांची मजुरी आणि माल गेला. दादा भडकला. त्याचं म्हणणं, सुटल्या नऊ, मग साठ कशाला? पोरं ओझं जास्त भरतात, आपण फुकट दुरुस्ती केली म्हणजे चूक कबूल केली. मी म्हटलं, चूक आहेच. त्या दिवाळीत आम्ही वाटण्या केल्या. दुकान आणि हुडाचं काम त्याला राहिलं. मी एक मशीन आणि अप्पांची कात्री घेऊन शाहूपुरीत एक खोली भाड्यानं घेतली. तो अजून म्हणतो, २,४०० रुपयांसाठी दुकान फोडलंस. मी म्हणते, २,४०० रुपयांसाठी दुकान तू फोडलंस.

तर तुमचं "नाव झालं की क्वालिटी वाढवू." नाव पहिल्या पन्नास सॅकमध्येच होतं, चांगलं नाही तर वाईट. डोंगरातली माणसं एकमेकांना सगळं सांगतात. त्या ६० मधल्या लोकांनीच पुढची तीन वर्षं मला काम आणून दिलं, आणि ते सॅक सुटली म्हणून नव्हे, मी ती परत घेतली म्हणून.

आता मशिनचं. साधं शिलाई मशीन घेऊ नका. पट्टा, फोम आणि दोन पदर कापड मिळून जो थर होतो त्यावर त्याचे टाके चुकतात. वॉकिंग फूट मशीन घ्या, म्हणजे ज्याचा पायही कापडाबरोबर पुढं सरकतो ते, जुनं चालेल. मी ३२ हजारांना घेतलेलं अजून चालतंय. सुई १८ नंबर. दोरा बाँडेड नायलॉन, टेक्स ७० (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप). सुती दोरा ओला राहून कुजतो, तो हातातही धरू नका. कापड बॉडीला ४२० डेनियर, तळाला १,००० डेनियर. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळं आकडा मोठा म्हणजे कापड भारी असं डोळे झाकून समजू नका, विणीवर आणि कोटिंगवर बरंच अवलंबून असतं. इचलकरंजी जवळ आहे म्हणून कापड तिथं मिळेल असं वाटत असेल, तर मला कोटिंगवालं नायलॉन तिथं मिळालं नाही, मी मुंबईहून आणते. चेन मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबरची. बकलमध्ये पैसे वाचवू नका.

सॅक "वॉटरप्रूफ" म्हणून विकू नका. कापड पाणी अडवतं, पण सुईनं त्याला हजारो भोकं पाडलेली असतात. शिवणींवर टेप बसवायला गरम हवेचं मशीन लागतं, ते तुमच्या २ लाखांत बसत नाही. रेनकव्हर द्या, त्याच्या तळाला एक भोक ठेवा म्हणजे पाणी साचत नाही, आणि गिऱ्हाइकाला सरळ सांगा की कपडे आत प्लास्टिकच्या पिशवीत ठेव.

जागा वरच्या मजल्यावर घ्या. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ आहे. माझी खोली तळमजल्यावर. मशिनं उघडून, पुसून, तेल देऊन चालू झाली. कापडाचे रोल वाळवले, चांगले दिसत होते. वर्षभरानं आतलं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग, म्हणजे पाणी अडवणारा थर, चिकट झालं आणि साल निघाल्यासारखं सुटायला लागलं. पीयूला ओल अशी आतून खाते. ते सगळं कापड टाकून दिलं, त्याची एकही सॅक बाहेर जाऊ दिली नाही.

डेकॅथलॉनचं विचारलंत. १० लिटर, २० लिटरच्या छोट्या बॅगेत त्यांच्याशी भिडू नका, त्यांच्या किमतीत तुमचं कापडसुद्धा येणार नाही. जिथं ते येत नाहीत तिथं उभं राहा: पाठीच्या मापाची सॅक, रोप ठेवायच्या बॅगा, आणि सगळ्यात आधी दुरुस्ती. कुठल्याही कंपनीची सॅक असो, चेनचा रनर बदलून द्या, बकल बदलून द्या. दुरुस्तीला आलेल्या सॅका उसवून मी जेवढं शिकले तेवढं कुठं शिकले नाही. मात्र हार्नेस, स्लिंग, ज्यावर माणूस लटकतो असं काहीही शिवू नका, कुणी कितीही पैसे देवो. त्याला यूआयएए या गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, युरोपीय मानकांच्या चाचण्या असतात आणि त्या आपल्या खोलीत होत नाहीत.

पॅटागोनिया कंपनी ज्यांनी काढली ते इव्हॉन शुइनार्ड १९५७ साली जुनी कोळशाची भट्टी घेऊन कातळात ठोकायचे पिटॉन, म्हणजे चढताना दोर अडकवायच्या मेखा, घडवायला लागले. आपल्या उद्यमनगरात त्याहून चांगल्या भट्ट्या आहेत. पुढं पिटॉन ठोकून ठोकून कातळ फुटतोय हे दिसल्यावर, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी तो माल बाजूला केला आणि न ठोकता फटीत बसणारे चोक पुढं आणले, आणि पिटॉन हा त्यांचा मुख्य माल होता. हे मी दादाला सांगितलं होतं. तो म्हणाला, ते अमेरिकेत. मला नाही पटत. शिवण कोल्हापुरात सुटते तशीच अमेरिकेत सुटते.

उधारी देऊ नका. दादा म्हणायचा उधारीशिवाय धंदा होत नसतो. एका दुकानानं माझ्या ४० सॅकचे पैसे सात महिन्यांनी दिले, तेही तुकड्या-तुकड्यानं, आणि त्या सात महिन्यांत मला कापड आणायला पैसे नव्हते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, ती फुकट होते. मग २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी तुमचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, हे समोरच्याला बिलावरच लिहून देता येतं. सॅकवर जीएसटी १८ टक्के. परराज्यात माल पाठवणार असाल तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागतेच.

एक राहिलं, ते आधी सांगायला हवं होतं. उधारी नको म्हणायची ताकद माझ्यात होती कारण घरात नवऱ्याचा पगार येत होता. तुमच्याकडे तसं नसेल तर पहिलं वर्ष थोडी उधारी द्यावी लागेल, पण ती दुकानाला नको, ओळखीच्या ग्रुपला द्या. आणि सॅकचं काम मे ते ऑगस्ट. बाकीचे महिने मी तालमींच्या फुटबॉल संघांना किट बॅगा आणि भजनी मंडळांना पखवाज-पेटीची कव्हरं शिवते. शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की ते काम सॅकपेक्षा जास्त असतं. फक्त ट्रेकिंगवर पोट भरेल असं धरून चालू नका, माझंही भरत नाही.

पहिला नमुना शिवलात की सॅक उलटी करा, आतल्या शिवणींचा उजेडात फोटो काढा आणि इथं टाका. खांद्याच्या पट्ट्याच्या जोडाचा जवळून एक घ्या. मी बघून सांगते.