वेनामी घ्यावी की समुद्रातली कोळंबी?

प्रश्न : ताई, आमच्या घरी आठवड्यातून दोनदा तरी मासे असतातच. हल्ली बाजारात तळ्यातली वेनामी कोळंबी बारा महिने मिळते. मुलगी म्हणते समुद्रातले मासे संपत चाललेत, शेतीचेच घे. सासूबाई तळ्यातलं घरात आणू देत नाहीत. पर्यावरणासाठी बरं काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुलीची काळजी खरी आहे हो, पण तळ्यातली कोळंबी म्हणजे समुद्राला त्रास नाही असं धरून चालू नका. वेनामी मूळची मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची, आपल्याकडे २००९ पासून वाढवायला लागले, आणि तिच्या खाद्यात फिशमील असतं, म्हणजे तारलीसारखी बारीक मासळी वाळवून केलेली भुकटी, ती मासळी येते समुद्रातूनच. शिवाय तळी कुठे खोदली तेही बघायला लागतं. ९०च्या दशकात आंध्र-तामिळनाडूत कोळंबीच्या तळ्यांनी शेतं आणि विहिरी खारट केल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९९६ चा निकाल आहे.

पण म्हणून समुद्रातली डोळे मिटून घ्या असंही नाही. ट्रॉलर तळ खरवडत जाळं ओढतो, कोळंबीबरोबर इतर माशांची पिल्लंही येतात, आणि त्यातली बरीचशी परत त्या भुकटीलाच जातात!

मला विचाराल तर रोहू-कटला बिनधास्त आणा, ते कोंडा-पेंडीवर वाढतात. शिणाणे, कालवं ही शिंपल्यातली मासळी तर त्याहून चांगली, त्यांना काही घालावंच लागत नाही, पाणी गाळून त्यातलंच खातात, सिंधुदुर्गात बचत गटाच्या बायका खाडीत वाढवतात. सासूबाईंनाही हे चालेल बहुतेक, खाडीतलंच आहे ना.

समुद्रातली कोळंबी हवीच असेल तर कोळीणमावशींना विचारा, ट्रॉलरची की खाडीत हाताने जाळं फेकून (पागून) आणलेली, त्या बरोबर सांगतात.

आणि एक कळकळीने सांगते, तळहाताएवढं पापलेट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा केलं, त्याच वर्षी ५४ जातींचे कमीत कमी किती मोठे मासे धरायचे तेही ठरवलं, तरी बाजारात पिल्लांचे वाटे दिसतातच, त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. आपण घेतो म्हणून ती विकायला येतात, मग पुढच्या वर्षी मोठं पापलेट येणार कुठून?