ख्रिस्ती माणसाने स्वसंरक्षणासाठी शस्त्र उचलणे धर्माला मान्य आहे का?

यावर सर्व ख्रिस्ती पंथांचे एकमत नाही. कोकणातील कोर्लईच्या पोर्तुगीजकालीन किल्ल्यावर पडके चर्च आणि गंजलेल्या तोफा एकाच तटाच्या आत दिसतात, तेव्हा हा प्रश्न मला दर वेळी नव्याने पडतो. एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करावा, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. येशूच्या अटकेच्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान छाटला, तेव्हा येशूने ती परत म्यानात घालायला लावली. मेनोनाइट आणि क्वेकर हे पंथ या शब्दांना धरून युद्धात भाग घेणे पूर्वापार नाकारत आले आहेत. कॅथलिक चर्चची शिकवण मात्र मुख्यतः १३व्या शतकातील धर्मचिंतक संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारांवर उभी आहे: हेतू हल्लेखोराला मारण्याचा नसावा, आपला किंवा आपल्यावर विसंबलेल्यांचा जीव वाचवण्याचा असावा, आणि बळ गरजेपुरतेच वापरावे. युद्धासाठी याहून कडक अटी आहेत. इतर सर्व उपाय थकलेले असावे लागतात. दुसऱ्याच्या बचावासाठी वापरलेले बळ मला मनापासून पटते. सुडाला मात्र येथे जागा नाही, कारण बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौलाने तो स्पष्टपणे वर्ज्य ठरवला आहे.