दुष्काळी तालुक्यातल्या शाश्वत पाणी नियोजनावर एम.एस्सी.चा प्रबंध करायचा आहे. जीआयएससाठी (संगणकावर नकाशांचं विश्लेषण) कोणतं सॉफ्टवेअर आणि कोणता डेटा घ्यावा?

सॉफ्टवेअर क्यूजीआयएस. फुकट आहे, पुरेसं आहे, विषय संपला. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'वेटेड ओव्हरले (नकाशांना वजनं देऊन बेरीज) करून भूजल पुनर्भरणाचे झोन काढणार, फील्ड शेवटी पडताळणीपुरतं.' ते वाचून राहवलं नाही. हेच वाक्य मी नोकरीत ऐकलंय आणि त्यावरून भांडलेही आहे.

माण तालुक्यात एका संस्थेसाठी पाणलोटाचं काम करत होते. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आमच्या वरिष्ठांनी पुण्यात बसून नकाशा केला: उतार, ड्रेनेज डेन्सिटी (ओढ्यांची दाटी), लिनिअमेंट (उपग्रहचित्रात दिसणारी, खडकातली भेग समजली जाणारी सरळ रेष), माती, जमीनवापर, प्रत्येकाला वजन आणि शेवटी बेरीज. गावाखालच्या ओढ्यावर गडद निळा पट्टा उमटला, 'अतिउत्तम'. तिथे सिमेंट बंधारा ठरला. मी नकाशा घेऊन गेले, तर ओढ्याकाठच्या शेतातले आबा म्हणाले, "पोरी, तितं खाली काळा पाषाण हाय. पाणी उभं ऱ्हाईल, मुरायचं न्हाय." आणि ज्या लिनिअमेंटने त्या पट्ट्याचे गुण वाढवले होते, ती रेष म्हणजे उपसा सिंचनाच्या पाइपलाइनचा बुजवलेला चर निघाली.

मग मी प्रत्येक विहिरीतले थर वरून खाली नोंदवायला घेतले. वरून माती किती, मुरूम किती, मांजऱ्या (पाणी झिरपू देणारा मऊ खडक) कुठे लागतो, पाषाण कुठे सुरू होतो, गेरूचा (लाल मातीचा) थर आहे का, पाणी कोणत्या थरातून झिरपतं. विहीर खोदणाऱ्याला हे सगळं परसात (माणूसभर खोलीच्या मापात) पाठ असतं. विहिरींच्या तोंडांची उंची डंपी लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) जोडली, कारण ३० मीटरच्या डीईएमची (उपग्रहावरून केलेल्या उंचीच्या नकाशाची) काही मीटरची चूक इथे सगळं बिघडवते. दख्खनचे लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. त्यामुळे एका विहिरीतला मांजऱ्या पुढच्या विहिरीत साधारण त्याच उंचीला सापडतो. तो थर वर माळाच्या अंगाला उघडा पडलेला होता. पाणी जिरवायचं तर तिथे. नकाशात तो माळ 'निकृष्ट', कारण उतार जास्त.

बंधारा नकाशाप्रमाणेच झाला. पुढच्या हिवाळ्यात सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेवर एनडीडब्ल्यूआय (पाणी ओळखणारा निर्देशांक) चालवून वरिष्ठांनी तुडुंब पाणी दाखवलं आणि काम यशस्वी म्हणून अहवालात घातलं. अहो, जिरवण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्यात पाणी महिनोन्महिने चकाकतंय याचा अर्थ ते जिरत नाहीये! म्हशी खूश होत्या, खालच्या विहिरी होत्या तशाच. बैठकीत हे बोलले तर उत्तर मिळालं, 'विहिरींची नोंद ही जुनाट पद्धत आहे, आमची वजनं एएचपीने (घटकांची दोन-दोनची तुलना करून) काढली आहेत.' एएचपीचा कन्सिस्टन्सी रेशो ०.१ च्या आत आला म्हणून वजनं खरी ठरत नाहीत. तुमची मतं एकमेकांशी फारशी भांडत नाहीत, एवढंच ठरतं.

डेटाचं म्हणाल तर इस्रोच्या भूवन संकेतस्थळावर कार्टोडीईएम हा उंचीचा डेटा मिळतो. पिकांसाठी सेंटिनेल-२ घ्या, १० मीटर तपशिलाची चित्रं आणि दर पाच दिवसांनी फेरी. जुना काळ हवा तर लँडसॅट उपग्रहांची चित्रं, १९७२ पासून. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, ते आकडे मागवाच. जुन्या टोपोशीट (सर्वेक्षणाचे छापील नकाशे) एव्हरेस्ट डेटमवर (स्थान मोजायच्या जुन्या संदर्भावर) आहेत, डब्ल्यूजीएस ८४ वर तशाच टाकल्यात तर ओढा शेजारच्या गटात जाईल. तालुका ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला असेल तर नकाशाच्या यूटीएम मापनपद्धतीचा झोन ४४, नाहीतर ४३. यवतमाळकडचे विद्यार्थी इथे हमखास अडकतात.

'शाश्वत' शब्द शीर्षकात घालणार असाल तर उपसा मोजावा लागेल. पाणी कुठे जिरेल याचे नकाशे ढिगाने आहेत, कोण किती काढतो याचा एकही नसतो. रब्बीचं आणि उसाचं क्षेत्र उपग्रहावरून काढा, बोअर आणि मोटारी गावात मोजा. हिवरे बाजारला दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरतात, शेतीसाठी बोअर घेऊ देत नाहीत. ते गाव टिकलंय यात या निर्बंधांचा वाटा बंधाऱ्यांइतकाच आहे, असं माझं मत.

हे सगळं बेसॉल्टच्या मुलखाबद्दल. पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात माझं थरांचं गणित लागू नाही, कोकणातल्या जांभ्यातही नाही. आणि ओव्हरले अगदीच टाकाऊ नाही. शंभर गावांतून आधी कोणत्या दहा गावांत जायचं हे ठरवायला चांगला आहे. बंधाऱ्याची जागा त्यावरून ठरवू नका.

तुमचे गाईडही बहुधा 'जुनाट' म्हणतील. त्यांना विचारा, ड्रेनेज डेन्सिटीला २० टक्केच का, १५ का नाहीत? उत्तर येईपर्यंत मे महिना गाठा. तेव्हा विहिरी तळाला जातात आणि सगळे थर उघडे दिसतात. पावसाळ्यात गेलात तर नुसतं पाणी दिसेल.