बटणाचा फोन पण पुरतो, ताई

प्रश्न: मी सोलापूरला घरी विड्या वळते, मजुरी बँकेत येते पण मेसेज पोराच्या फोनवर, मग किती आले ते त्यालाच विचारायचं. माझा साधा बटणाचा फोन सुपाशेजारीच पडलेला असतो, त्यावर काय होतं का?

उत्तर: होतं की! आधी पासबुक, आधार घेऊन बँकेत जा, खात्याला तुमचाच नंबर लावून घ्या. बटणाच्या फोनवर यूपीआय, म्हणजे फोनवरूनच खात्यातले पैसे देणं-घेणं, २०२२ पासून चालतंय, नेट लागत नाही, फक्त पहिल्यांदा पिन करताना एटीएम कार्ड जवळ ठेवा, आणि तो पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही, कुणी मागितला तर सरळ फोन कट (पोरालाही सांगू नका, रुसला तर रुसू दे). फसवून पैसे काढलेच कुणी तर लगेच १९३० हा सरकारी मदतीचा नंबर लावा.