ओएलईडीमधला निळाच रंग का रखडलाय?

तुम्ही विचारलंय की ओएलईडी स्क्रीनसाठी (म्हणजे करंट सोडला की स्वतःच उजळणाऱ्या सेंद्रिय रेणूंच्या स्क्रीनसाठी) लाल आणि हिरवा कधीच जमले, मग निळ्यासाठी चांगलं सेंद्रिय मटेरियल अजून का मिळत नाही. मी याच मटेरियलवर लॅबमध्ये काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निळं चमकणारं काही मिळत नाही असं अजिबात नाहीये. अँथ्रासीन या सेंद्रिय रेणूपासून बनवलेलं एखादं संयुग टोल्युइन या द्रावकात विरघळवा, यूव्ही दिव्याखाली धरा, अख्खी बाटली निळीशार उजळते. खरी अडचण करंट सोडल्यावर टिकायची आहे. लाल फोटॉनची ऊर्जा साधारण 2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, निळ्याची 2.7 च्या आसपास, आणि या रेणूंमधला कार्बन-नायट्रोजन बंध तुटायला 3 च्या आसपास पुरतात, त्यामुळे निळा रेणू उत्तेजित झाला की आधीच काठावर असतो, त्यात शेजारच्या दुसऱ्या उत्तेजित रेणूने आपली ऊर्जा त्याला दिली तर बेरीज 5 च्या वर जाते आणि बंध तुटतो. तुटलेला तुकडा पुढे आजूबाजूचा प्रकाशही गिळतो.

आता कार्यक्षमतेचं बघा. करंट सोडल्यावर रेणू दोन प्रकारे उत्तेजित होतात, इलेक्ट्रॉनच्या स्पिननुसार त्यांना सिंगलेट आणि ट्रिपलेट म्हणतात; डिव्हाइसमध्ये 25 टक्के सिंगलेट आणि 75 टक्के ट्रिपलेट तयार होतात. साधा फ्लुरोसंट रेणू मुख्यतः सिंगलेटच वापरतो, बाकीचं बरंचसं उष्णतेत जातं. 1998 मध्ये फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या ग्रुपने प्लॅटिनमच्या रेणूतून ट्रिपलेटचाही प्रकाश काढून दाखवला, पुढे इरिडियम आलं आणि लाल-हिरवे मार्गी लागले. निळ्यात मात्र हीच युक्ती अंगाशी येते, कारण फ्लुरोसन्स नॅनोसेकंदांत उरकतो आणि ट्रिपलेट मायक्रोसेकंदभर रेंगाळतो, तेवढ्यात टक्कर होते, लिगँड (धातूला जोडलेला सेंद्रिय भाग) सुटतो. शिवाय होस्टची, म्हणजे चमकणारा रेणू ज्यात मिसळलेला असतो त्या मटेरियलची, ट्रिपलेट ऊर्जा निळ्याहूनही जास्त लागते, म्हणजे तोही तितकाच नाजूक.

म्हणून बहुतेक फोनमध्ये आजही निळा फ्लुरोसंटच आहे, आणि त्याच्यावर ताण कमी यावा म्हणून त्याचा सबपिक्सेल (पिक्सेलमधला निळा ठिपका) मोठा ठेवतात. तरी खूप वापरलेल्या फोनवर पांढरं पान उघडून बघा, कीबोर्डची जागा बऱ्याचदा पिवळट दिसते, तिथला निळा थकलेला असतो.

मला स्वतःला जास्त आशा धातूशिवायच्या रेणूंची वाटते. जपानच्या क्यूशू विद्यापीठात संशोधक अडाचींनी 2012 मध्ये ट्रिपलेट परत सिंगलेटमध्ये वळवून दाखवले आणि 2016 मध्ये जपानचेच रसायनशास्त्रज्ञ हाताकेयामा यांच्या बोरॉन-नायट्रोजनच्या रेणूने एकदम अरुंद पट्ट्याचा, शुद्ध निळा दिला. आयुष्याचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. 2025 मध्ये एलजी डिस्प्लेने निळा फॉस्फोरसंट (ट्रिपलेटमधूनही प्रकाश देणारा) पॅनल दाखवला, पण त्यातही निळ्याचे दोन थर एकावर एक आहेत आणि खालचा अजून फ्लुरोसंटच आहे.