जुना लॅपटॉप, कंपनीची दुरुस्ती: वाचकांचे प्रश्न

सहा वर्षांच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. कंपनीचं सर्व्हिस सेंटर रिफर्बिश्ड बोर्ड बसवतो म्हणतंय. पैसे घेऊन जुनाच माल गळ्यात मारणार का? (इंदिरानगर)

तसं समजू नका. कंपन्या सहसा बोर्डावरची एखादी चिप बदलत बसत नाहीत, अख्खा बोर्ड बदलतात. काढलेले बोर्ड परत जातात, दुरुस्त होऊन, तपासून पुन्हा वापरात येतात. मॉडेल बंद झालं की नवा बोर्ड मिळणंच कठीण. त्यामुळे भांडायचं ते वॉरंटीसाठी: बसवलेल्या बोर्डावर किती दिवस, हे जॉबशीटवर लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर लॅपटॉप सोडून येऊ नका.

त्याहून महत्त्वाचं, विंडोज असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजमधली सोय) ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधा. डिस्क कुलूपबंद असेल, तर ते उघडणारी टीपीएम चिप जुन्या बोर्डाबरोबर जाते. नवा बोर्ड बसला की विंडोज ही की मागतं. ती नसेल, तर लॅपटॉप सुरू होऊनही मुलांचे फोटो, हिशेब, सगळं आत अडकतं. लॅपटॉप बंद पडला असला, तरी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये की सापडते का, बघा. हे पाहिल्याशिवाय बोर्डाला हात लावू देऊ नका.

एम. जी. रोडवर रिफर्बिश्ड बॅटरी निम्म्या किमतीत मिळतेय. घ्यावी का? (पंचवटी)

नको. रॅम, स्क्रीन, कीबोर्ड जुने खुशाल घ्या, बॅटरी नाही. लिथियम बॅटरी नुसती पडून राहिली तरी झिजते, आणि आतले सेल कुठले, हे वरून कळत नाही. आत्ताच्या बॅटरीमुळे टचपॅड वर उचललं गेलं असेल तर ती फुगली आहे. चार्जिंग आजच बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका.

२०१७ चं मॅकबुक. 'आता पार्ट येत नाहीत' म्हणून परत पाठवलं. मला फक्त बॅटरी हवी आहे. (नाशिकरोड)

विक्री थांबून सात वर्षं झाली की अ‍ॅपल साधारणपणे हार्डवेअर दुरुस्ती बंद करते. पण मॅक लॅपटॉपच्या फक्त बॅटरीसाठी ही मुदत दहा वर्षांपर्यंत असू शकते, अर्थात माल शिल्लक असेल तर. सात वर्षं मॉडेलची विक्री थांबल्यापासून मोजतात, तुमच्या बिलापासून नाही. सिरियल नंबर देऊन 'फक्त बॅटरी' असं स्पष्ट विचारा.

बदललेला जुना भाग परत मागता येतो का? (सिडको)

वॉरंटीत बहुधा नाही, तो कंपनी ठेवते. पैसे भरून दुरुस्ती असेल तर काम सुरू होण्याआधी विचारा; कधी कधी दर जुना भाग जमा धरूनच लावलेला असतो. लेखी ठरलेलं कुणी नाकारलं, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.